तारीख धरा, पण घड्याळ पाहून

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात वर्धापनदिनांची पत्रे जास्त आहेत. कुठे शाळेला अवकाश दिन साजरा करायचा आहे, कुठे वाचनालयाला जुना सिनेमा दाखवायचा आहे. बहुतेकांची अडचण दोन ठिकाणी आहे: नेमकी तारीख कोणती, आणि त्या तारखेला आपल्याकडच्या हवेत नेमके काय करता येईल? उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : माणूस चंद्रावर २० जुलैला उतरला की २१ जुलैला? मुलांच्या सामान्यज्ञानाच्या दोन पुस्तकांत दोन तारखा आहेत. फलकावर कोणती लिहू?
– शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही पुस्तके बरोबर आहेत. चूक एवढीच की कुणाच्या घड्याळाने, हे दोघांनीही लिहिलेले नाही. अपोलो ११ चे यान जागतिक वेळेनुसार २० जुलै १९६९ रोजी २० वाजून १७ मिनिटांनी टेकले. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतात २१ जुलैची रात्र, १ वाजून ४७ मिनिटे. नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल पडले तेव्हा अमेरिकेत २० जुलैची रात्र सरायची होती आणि आपल्याकडे २१ तारखेचे सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे झाली होती. फलकावर ‘२१ जुलै १९६९ (अमेरिकेत २० जुलै)’ असे लिहा.

नियम सोपा आहे. घटना जागतिक वेळेने संध्याकाळी साडेसहानंतरची असेल, तर भारतात तारीख एकाने पुढे जाते. हा नियम पाचवी-सहावीच्या मुलांना गणित म्हणून द्या. स्पुटनिक १ हा पहिला कृत्रिम उपग्रह ४ ऑक्टोबर १९५७ रोजी जागतिक वेळेने १९ वाजून २८ मिनिटांनी सुटला. आपल्या घड्याळाने ५ ऑक्टोबर उजाडून तासभर होत आला होता. युरी गागारिन यांचे उड्डाण १२ एप्रिल १९६१ रोजी ६ वाजून ७ मिनिटांचे, म्हणजे आपल्याकडे ११ वाजून ३७ मिनिटे. इथे तारीख बदलत नाही. उलटा प्रकारही होतो. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळाच्या कक्षेत शिरले तेव्हा अमेरिकेत अजून २३ तारीख होती.

भारताच्या घटनांची तारीख अर्थातच आपल्या घड्याळाने धरायची. राकेश शर्मा यांचे सोयूझ टी-११ हे यान ३ एप्रिल १९८४ रोजी संध्याकाळी ६ वाजून ३८ मिनिटांनी सुटले. चांद्रयान-३ उतरले २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी, आणि तोच दिवस आता राष्ट्रीय अवकाश दिन आहे. ‘आर्यभट्ट’ हा आपला पहिला उपग्रह १९ एप्रिल १९७५ चा. तो सोव्हिएत संघातल्या कपुस्तिन यार इथून सुटला. पुष्कळ तक्त्यांत श्रीहरिकोटा छापलेले असते, ते खोडा.

आणखी एक सुचवतो. उड्डाण, कक्षेत पोचणे आणि उतरणे या तीन वेगळ्या तारखा असतात. चांद्रयान-३ सुटले १४ जुलैला, उतरले २३ ऑगस्टला. तक्त्यात प्रत्येक तारखेपुढे ‘काय झाले’ हा रकाना हवाच, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रश्न येईल.

प्रश्न : ‘राजा हरिश्चंद्र’चा दिवस २१ एप्रिल धरावा की ३ मे? आणि हा सिनेमा ४० मिनिटांचा होता की तासाभराचा?
– सार्वजनिक वाचनालय, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : २१ एप्रिल १९१३ ला मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला. तिकीट काढून लोकांनी पाहिला तो ३ मे १९१३ ला, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये. वर्धापनदिन ३ मे चाच धरा. प्रेक्षकांना दार उघडते तो सिनेमाचा दिवस. वाचनालयाला सप्ताह करायचा असेल तर ३० एप्रिलपासून सुरुवात करा. त्या तारखेला, १८७० साली, त्र्यंबकेश्वरला दादासाहेब फाळक्यांचा जन्म झाला.

लांबीचा घोळ वेगाचा आहे. चित्रपट ३,७०० फुटांचा होता. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे बसतात. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत आणि वेग सेकंदाला १६ चित्रांच्या आसपास असे. म्हणजे सेकंदाला एक फूट, आणि ३,७०० फुटांना ६२ मिनिटे. बोलपट आल्यावर वेग २४ चित्रांवर पक्का झाला. त्या यंत्रावर तीच फिल्म ४१ मिनिटांत संपते आणि पडद्यावरची माणसे तुरुतुरु पळतात. जुन्या काळी लोक असेच चालत, अशी मुलांची समजूत होते ती यामुळे.

म्हणून दाखवण्याआधी एक तपासणी करा. कुणीतरी साधे चालत असेल असा तुकडा बघा. पावले उडत असतील तर फाइल २४ च्या वेगाने केलेली आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये चौकोनी कंसाची डावी कळ तीनदा दाबा, वेग ०.७ होईल. पावले मुळातच सावकाश असतील तर हात लावू नका. ती फाइल आधीच सुधारलेली असते.

हेही सांगून ठेवा की आज पूर्ण चित्रपट उपलब्ध नाही. चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे जपलेले आहे, आणि तीसुद्धा १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीतली असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. ‘पूर्ण चित्रपट’ अशी जाहिरात करू नका. पंधरा-वीस मिनिटांनी पडदा कोरा झाला की लोक वाचनालयाला बोल लावतील.

प्रश्न : गावच्या पटांगणात उघड्यावर जुना सिनेमा दाखवायचा आहे. टुरिंग टॉकीज येत असे तसे. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. बाकी काय लागेल, किती लागेल, आणि कुठे फसते, ते सविस्तर सांगा.
– युवक मंडळ, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आधी चौकटीचा आकार. १९५० च्या आधीच्या जवळजवळ सगळ्या चित्रपटांची चौकट चारास तीन अशा प्रमाणाच्या आसपास असते. आजचे प्रोजेक्टर आणि लॅपटॉप सोळास नऊचे. फाइल ताणून पडदाभर केली की नायिका बुटकी आणि जाडी दिसते. ते पाहून गावातले म्हातारे सर्वांत आधी ओरडतात, कारण त्यांनी तो सिनेमा नीट पाहिलेला असतो. ‘पडदा भरा’ ही सोय बंद ठेवा आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. शाळेत धूळ खात पडलेला जुना चारास तीनचा प्रोजेक्टर असेल तर या कामाला तोच बरा.

पडदा १२ फूट रुंद, ९ फूट उंच. कापड मांजरपाट, पण शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या, कोरे कापड आटते. पट्ट्या आडव्या जोडा. उभी शिवण नेमकी चेहऱ्यावर येते. मागून काळे कापड लावले नाही तर निम्मा उजेड पलीकडे जातो आणि पडद्यामागे बसलेल्यांनाही सिनेमा दिसतो, उलटा. फ्लेक्सची पाठ स्वस्त पडते, पण चकाकते; समोर बसणाऱ्याला मधोमध दिव्याचा डाग दिसतो. आदल्या रात्री लावून बघितल्याशिवाय फ्लेक्स घेऊ नका.

पडदा दोन बल्ल्यांमध्ये ताणायचा असतो, पण सुतळीने घट्ट आवळायचा नाही. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी वावटळ उठते आणि १०८ चौरस फुटांच्या कापडात वारा भरला की बल्ली कोसळते. कडेला दर दीड फुटावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधा. झोत आला की रबर ताणते, कापड फाटत नाही. दोन्ही बल्ल्यांना पुढे-मागे ताण द्या, आणि त्या दोऱ्यांना पांढरी चिंधी बांधा, अंधारात पोरे अडखळतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी. लोक बिछायतीवर बसणार. पुढच्याचे डोके आडवे येते.

उजेडाचा हिशोब असा: प्रोजेक्टरचे लुमेन (उजेडाचे माप, यंत्रावर लिहिलेले असते) भागिले पडद्याचे चौरस फूट. उत्तर १५ च्या वर हवे. ३,००० भागिले १०८ म्हणजे जवळपास २८, उत्तम. पण दिवा जुना झाला की निम्माच उजेड उरतो, मग १४. भाड्याने घेताना ‘दिवा किती तास चालला’ हे मेनूत दिसते, ते पाहून घ्या. सोळास नऊचा प्रोजेक्टर असेल तर ९ फूट उंचीसाठी त्याचा झोत १६ फूट रुंद पडतो. चित्र १२ फुटांतच राहते आणि हिशोबात १०८ ऐवजी १४४ येतात.

अंतर पडद्याच्या रुंदीच्या साधारण दीडपट: चारास तीनच्या यंत्राला १८ फूट, सोळास नऊला २४ फूट. यंत्रागणिक हे थोडे बदलते, म्हणून खांब गाडण्याआधी एकदा लावून बघा.

चांदण्याची काळजी करू नका, पौर्णिमेच्या चंद्राने चित्र फिके पडत नाही. फिके पडते ते चौकातल्या हायमास्टने. त्याचे बटण कुणाकडे आहे ते ग्रामपंचायतीत आधीच विचारा. खेळाच्या वेळी तो माणूस लग्नाला गेलेला असतो. पडद्याचे तोंड पश्चिमेला ठेवू नका, मावळतीचा उजेड थेट त्यावर पडतो. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, नीट अंधार व्हायला पाऊण तास धरा. साडेसातला सुरू, पावणेदहाला बंद. रात्री १० नंतर भोंगा लावायला कायद्याने मनाई आहे, म्हणून अडीच तासांचा सिनेमा या बेतात बसत नाही.

वीज. प्रोजेक्टर ३०० वॉट, लॅपटॉप ९०, अँप्लिफायर २५०. सगळे मिळून सातशेच्या आत. दोन केव्हीएचा जनरेटर पुरतो, तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला शंभर फूट लांब ठेवा. पण खरी गरज आहे ती एक केव्हीएच्या यूपीएसची, तीही फक्त प्रोजेक्टरसाठी. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की आतला पंखा थांबतो, दिवा तापलेला राहतो, आणि वीज परत आली तरी थंड होईपर्यंत पेटत नाही. दहा-पंधरा मिनिटे पडदा काळा. दोनदा असे झाले की दिवाच जातो आणि भाडेवाला तो तुमच्या नावावर लावतो. एलईडी प्रोजेक्टरला हा त्रास कमी, पण स्वस्त एलईडीवाले खोक्यावर लुमेन फुगवून लिहितात.

आवाज. डीजेचे खोके नकोत. जुन्या फिल्मच्या ध्वनीत खर्ज जवळपास नसतोच. खर्ज वाढवला की फक्त घरघर वाढते. खर्ज उतरवा, वरची पट्टी थोडी कमी करा, मधली तशीच ठेवा, संवाद उठून येतात. दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली, तर दोष अर्थिंगचा आहे, सिनेमाचा नाही. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळच ठेवा आणि लांब वायर आवाजाची टाका. चित्राची स्वस्त वायर पन्नास फुटांवर दगा देते.

पावसाळ्यात हा बेत करू नका. पाऊस टळला तरी झोताकडे किडे-पाखरे इतकी येतात की प्रोजेक्टरची जाळी बुजते आणि तो तापून बंद पडतो.

प्रश्न : आम्ही तिकीट लावत नाही, फुकट दाखवतो. तरी परवानगी लागते का?
– ग्रामपंचायत सदस्य, ता. नरखेड, जि. नागपूर

उत्तर : लागते. फुकट आहे म्हणून हक्क संपत नाही, आणि मोबाइलवर महिन्याचे पैसे भरून घेतलेले चॅनेल चौकात दाखवायची मुभाही त्यात नसते. भारतात चित्रपटाचा हक्क तो प्रदर्शित झाल्यावर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षे चालतो. १९६० पर्यंतच्या चित्रपटांची ती मुदत उलटली आहे. मात्र गाण्यांचे शब्द आणि संगीत यांचा हक्क वेगळा. तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. त्यामुळे बोलपट जुना असला तरी ज्याच्याकडे हक्क आहे त्याला विचारलेले बरे. फाळक्यांचे मूकपट निर्धोक आहेत.

शाळेला सवलत आहे. शाळेच्या उपक्रमात, फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसांपुढे चित्रपट दाखवला तर कायद्याने तो हक्कभंग होत नाही. सारा गाव बोलावला की ही सवलत गेली. म्हणून पुष्कळ ठिकाणी कार्यक्रम शाळेच्या नावे, शाळेच्या आवारात आणि पालकसभेला जोडून करतात. तेच सरळ.

प्रश्न : भाऊ, माह्यापाशी १०×५० ची दुर्बीण आहे. पोरं म्हणतात चंद्रावरचा झेंडा दाखवा, आपलं यान दाखवा. दिसन का?
– कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही दिसणार, आणि जगातल्या कोणत्याच दुर्बिणीतून जमिनीवरून दिसत नाही. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. तुमच्या दुर्बिणीतून दहा-बारा किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळे ओळखता येत नाही. सहज दिसतात ती चाळीस-पन्नास किलोमीटरची विवरे. अपोलोचे तिथे राहिलेले यान पाय धरूनही दहा मीटरच्या आत. त्याचे फोटो आहेत, पण ते चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी घेतलेले.

जागा मात्र दाखवता येते. शुद्ध पंचमी-षष्ठीचा चंद्र निवडा. पौर्णिमेचा नको, त्यावर सावल्या नसतात आणि सगळे सपाट दिसते. अपोलो ११ उतरले तेव्हाही चंद्र साधारण सहा दिवसांचाच होता. सूर्य तिथे नुकताच वर आलेला असावा, सावल्या लांब पडाव्यात आणि दगड-खड्डे वरून ओळखू यावेत, म्हणून ती वेळ ठरवली होती.

दुर्बीण हातात धरू नका, दहापट मोठे होते तसे हाताचे कापणेही दहापट होते. भिंतीवर किंवा उभ्या केलेल्या खाटेच्या पायावर टेकवा. संध्याकाळी सातच्या सुमारास हा चंद्र मावळतीकडे झुकलेला असतो, तेव्हा त्याची दक्षिण बाजू डावीकडे खाली येते. उजेड आणि अंधाराची सीमा जिथे आहे तिथे, मध्यापासून जरा दक्षिणेला, तीन मोठी विवरे एकाखाली एक दिसतील. सर्वांत वरचे, ठसठशीत कडेचे ते थिऑफिलस, सुमारे १०० किलोमीटर रुंद. त्याच्या रुंदीच्या साडेतीन पट अंतर उत्तरेला सरका. काळसर सपाट भागाची दक्षिण कड लागेल. तेच शांतिसागर, आणि अपोलो ११ ची जागा तिथेच.

चांद्रयान-३ ची जागा ६९ अंश दक्षिणेला आहे, म्हणजे चंद्राच्या मध्यापासून दक्षिण कडेपर्यंतच्या अंतराच्या साधारण ९४ टक्क्यांवर. तो भाग आपल्याला तिरका दिसतो, विवरे चपटी होऊन एकमेकांत शिरलेली. बोट ठेवून ‘इथेच’ म्हणता येणार नाही, ‘या कडेला’ एवढे म्हणता येते.

जुलै-ऑगस्टच्या वर्धापनदिनांना आपल्याकडे आभाळ भरलेले. आकाशदर्शन कार्तिक-मार्गशीर्षातल्या शुद्ध षष्ठीला ठेवा, सोयाबीनही निघालेले असते.

प्रश्न : लोणारचे सरोवर चंद्रावरच्या विवरासारखे आहे म्हणतात. सहलीत मुलांना काय दाखवावे?
– शिक्षक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : साम्य दगडात आहे. लोणार काळ्या बेसाल्ट खडकात झालेले आघात विवर आहे, आणि चंद्रावरचे काळसर ‘सागर’ही बेसाल्टचेच. म्हणून अभ्यासक लोणारची तुलना चंद्राशी करतात. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. कडेवर उभे राहून मुलांना विचारा: कड बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच का? आघाताने उचकटलेले थर उलटून बाहेर पडले म्हणून. वय विचारले तर एक आकडा देऊ नका. एका पद्धतीने पन्नास हजार वर्षांच्या आसपास, दुसरीने साडेपाच लाखांहून अधिक येते. दगड उचलून आणू नका, ते अभयारण्य आहे.

प्रश्न : २३ ऑगस्टला शाळेत बाटलीचे पाण्याचे रॉकेट उडवायचे आहे. मागच्या वर्षी बूच आधीच निघाले, रॉकेट जागीच आडवे झाले. कुठे चुकते?
– विज्ञान शिक्षक, ता. आमगाव, जि. गोंदिया

उत्तर : बूच सैल होते. कोल्ड्रिंकची बाटली एक किंवा दोन लिटरची घ्या. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली कधीच नको. ती दाबासाठी केलेली नसते, फाटते. बूच रबराचे, बाटलीच्या तोंडात निम्म्याहून थोडे जास्त दाबून बसेल असे. त्याला मधोमध भोक पाडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून घाला. भोक व्हॉल्व्हपेक्षा बारीक हवे, नाहीतर हवा तिथूनच जाते. बूच ओले न करता, पिळून बसवा. ओले रबर घसरते आणि दाब भरण्याआधी सुटते. तुमचे बहुधा हेच झाले असेल.

पाणी बाटलीच्या एक तृतीयांश. जास्त भरले तर सुरुवातीलाच ओझे, आणि दाबलेल्या हवेला जागा कमी. कमी भरले तर पाणी क्षणात संपते, उरते नुसती हवा; फुस्स होते. पाणी वजनदार असल्यानेच ते खाली फेकले जाताना बाटलीला वर ढकलते, हे मुलांना दोन्ही प्रकारे उडवून दाखवा.

आडवे होण्याचे कारण शेपूट. तोंडाकडच्या बाजूला जाड पुठ्ठ्याचे तीन पंख, १२० अंशांवर, तिन्ही सारखे. टोकाला पन्नास-साठ ग्रॅम ओली माती कागदी टोपीत बसवा. वजन पुढे आणि पंख मागे, तरच सरळ जाते. उभे करायला जमिनीत रोवलेले तीन बांबूचे तुकडे पुरेत.

सायकलच्या पंपाने हवा भरताना दाब ४०-५० पीएसआयच्या वर नेऊ नका. एवढ्यात नीट बसलेले बूच आपोआप सुटते आणि रॉकेट तीन-चार मजले चढते. नाही सुटले तर जवळ जाऊन हलवू नका. लांब दोरीने ओढून बूचच बाहेर काढा; नुसती पंपाची नळी काढली तर व्हॉल्व्ह हवा आत धरून ठेवतो. पंपाची नळी लांब हवी, पंप मारणाऱ्याने चष्मा घालावा, बाकीचे तीस फूट लांब, वर विजेच्या तारा नकोत. बाटलीवर पांढऱ्या घड्या पडल्या की ती फेकून द्या.

सोबत सांगायला गोष्ट हवी असेल तर केरळातल्या थुंब्याची सांगा. २१ नोव्हेंबर १९६३ ला भारताच्या भूमीवरून पहिला अग्निबाण, अमेरिकी नाइके-अपाचे, तिथून सुटला. जुन्या चर्चच्या इमारतीत कचेरी होती, आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेल्याचे फोटो आजही पाहायला मिळतात.

प्रश्न : ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५३ चे की १९५४ चे? आणि सिनेमाचा रौप्यमहोत्सव २५ वर्षांनी का नाही होत?
– निवृत्त मुख्याध्यापक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : चित्रपट १९५३ चा, पदक १९५३ सालासाठीचे, समारंभ १९५४ चा. तक्त्यात तिन्ही लिहा. रौप्यमहोत्सव म्हणजे एका थिएटरात सलग २५ आठवडे, सुवर्णमहोत्सव ५० आठवडे. धंद्यातला हा हिशोब आठवड्यांचा आहे. गावच्या थिएटरच्या जुन्या पाट्यांवरून मुंबईची तारीख काढू नका. विदर्भ सीपी-बेरार सर्किटमध्ये, म्हणजे सिनेमा वाटपाच्या वेगळ्या विभागात येई, प्रती मोजक्याच निघत, आणि मुंबईत लागलेला सिनेमा तालुक्याला पोचायला महिने लागत.

प्रश्न : २ एप्रिल २०२२ ला आमच्या तालुक्यात आकाशातून लोखंडी कडे पडले. पुन्हा तसे झाले तर काय करावे? गावाला त्या तारखेला कार्यक्रमही करायचा आहे.
– वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : लाडबोरीला पडलेले ते मोठे कडे चिनी लाँग मार्च ३बी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावे, असे अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्या तज्ज्ञांचे मत आहे. त्या संध्याकाळी विदर्भभर दिसलेले सरकते दिवे उल्का नव्हते. उल्का सेकंद-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून पडणारा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, जवळपास आडवा येतो आणि तुटत तुटत बराच वेळ दिसत राहतो. पुढच्या वेळी फरक ओळखायला एवढे पुरे.

पडलेल्या वस्तूला हात लावू नका, विशेषतः गोल टाकीला. आत हायड्राझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. वास आला तर वाऱ्याच्या उलट दिशेने, झोत येतो त्या बाजूला सरका. जनावरे दूर बांधा. लांबून फोटो काढा, वेळ लिहा, पोलीस पाटलाला आणि तहसील कार्यालयात कळवा. ती वस्तू भंगारात घालणे म्हणजे पुरावा घालवणे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी ते यान सोडणाऱ्या देशावर असते, आणि मागणी सरकारमार्फतच करावी लागते. घराचे किंवा वावराचे नुकसान झाले असेल तर पंचनामा आधी.

कार्यक्रमाला तारीख छान आहे. दुसऱ्याच दिवशी, ३ एप्रिलला, राकेश शर्मांचे उड्डाण येते. सिनेमाही जोडता येईल: जॉर्ज मेलिएस यांचा १९०२ चा चंद्रावरच्या सफरीचा मूकपट. १६ च्या वेगाने तो १४ मिनिटांचा, मुले हसून लोळतात. रंगीत, नव्या संगीताची प्रत घेऊ नका, तिचे हक्क वेगळे आहेत. काळी-पांढरी घ्या आणि गावातला हार्मोनियमवाला बसवा. उन्हाळी मोटारींमुळे गावातला विजेचा दाब त्या वेळी खाली येतो, म्हणून वर लिहिलेला यूपीएस इथेही लागेल.

प्रश्न : १४ मार्चला ‘आलम आरा’ दाखवायचा आहे. प्रत कुठे मिळेल?
– महिला वाचक मंडळ, ता. तुमसर, जि. भंडारा

उत्तर : कुठेच नाही. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या भारताच्या या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. फोटो आणि जाहिराती तेवढ्या आहेत. त्या नावाने मोबाइलवर जे मिळते ते नंतरच्या, त्याच नावाच्या चित्रपटांतले. त्याऐवजी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बघा. तो ६ फेब्रुवारी १९३२ चा, मराठीतला पहिला बोलपट, आणि त्याची प्रत आहे. फेब्रुवारीत हवा कोरडी असते, वावटळ नसते. पटांगणात पडदा लावायला मार्चपेक्षा तोच महिना बरा.